तब्येतीची वही ज्याची त्याच्या हातात पाहिजे



या पेजवर आपण मत्स्यबीज, जाळ्यांचे भाव, लिलाव अन् तलावातलं पाणी यावरच जास्त लिहितो. आज विषय थोडा वेगळा आहे. अलीकडे संस्थेच्या ऑफिसात सभासद मोबाईल पुढे करतात आणि विचारतात, "दवाखान्याचं ॲप टाकायला सांगितलं, टाकू का? यानं काय होते?" कोणी आभा कार्डाबद्दल विचारतं. कोणी म्हणतं, मोबाईलवर डॉक्टर दिसतो म्हणे. एकानं तर बोट ठेवलं की बीपी सांगणारं ॲप दाखवलं. प्रत्येकाला वेगवेगळं सांगत बसण्यापेक्षा आमचं मत एकदाच लिहून टाकतो.

आमचं मत असं आहे. ॲप कामाचं आहे, पण ते डॉक्टर नाही. ते वही आहे. संस्थेची मासे तोलायची वही जशी रोज लिहिली तरच हिशेबाला उपयोगी पडते, तसंच हे. आणि दुसरी गोष्ट, ज्याची तब्येत त्याला ती वही वाचता किंवा ऐकता आली पाहिजे. आज आपल्या बहुतेक घरांत वही पोराच्या खिशात आणि दुखणं आईच्या अंगात, अशी गत आहे. ही गत बदलली नाही तर शंभर ॲप आले तरी आपल्याला काही फरक पडायचा नाही.

आधी दुखण्याचं बोलू. २०२३ साली आयसीएमआरचा देशभराचा मोठा अभ्यास छापून आला. त्याच्या अंदाजानं भारतात १० कोटींहून जास्त लोकांना शुगर आहे, आणि मोठ्या माणसांत शंभरातल्या ३५ जणांना बीपी. हे शहरातल्या खुर्चीवर बसणाऱ्यांचं दुखणं आहे, वल्हं मारणाऱ्याला ते होत नाही, असं आपल्यात अजून पुष्कळ जण समजतात. पण आपलं जगणं पहा. पहाटे तीन-चारला उठायचं, उपाशीपोटी चहावर पाण्यात जायचं, तोंडात खर्रा, जेवण दुपारी कधी तरी. रात्री जाळं टाकायला गेलं तर झोपेचा पत्ता नाही. यात गोळी कधी घ्यायची? सकाळची राहून जाते, रात्रीची विसरते. मग आठ दिवस बरं वाटलं की माणूस म्हणतो, "बीपी गेला आता, कशाले गोळी?"

बीपी असा जात नाही. तो दुखत नाही म्हणून कळत नाही, एवढंच. अन् एक दिवस अर्धं अंग लुळं पडतं. लकवा झालेल्या नाव मालकाचं घर कसं चालते, हे आपल्यापैकी कोणाला सांगायला नको. नाव काठावर उलटी पडून राहते, हप्ता मात्र सुरूच राहतो.

म्हणजे आपली अडचण डॉक्टर नसण्याची कमी आणि दोन डॉक्टरांच्या मधल्या दिवसांची जास्त आहे. डॉक्टर महिन्यातून एकदा पाच मिनिटं पाहतो. बाकीचे एकोणतीस दिवस आपणच आपले डॉक्टर असतो. मोबाईलचा खरा उपयोग कुठं असेल तर या एकोणतीस दिवसांत आहे.

त्यात आपण सीमेवरचे लोक. १९५६ साली भाषेवर राज्यं झाली तेव्हा आदिलाबाद जिल्ह्यातले किनवट आणि राजुरा हे तालुके तिकडे गेले, आपण इकडे राहिलो. पैनगंगेच्या दोन्ही काठांवर सोयरिक मात्र तशीच आहे. दवाखान्याचंही तसंच. ताप आला की गावचं आरोग्य केंद्र, जास्त झालं की आदिलाबादचं रिम्स, तिथून जीव घाबरला की यवतमाळ, सेवाग्राम नाही तर नागपूर. बेला आणि जैनदकडची कितीतरी माणसं बायको-पोरांसह नदी ओलांडून मामाच्या, मेव्हण्याच्या ओळखीच्या डॉक्टरकडे जातात. यात वाईट काही नाही. वाईट हे की कागद मागे राहतात.

आमच्या एका सभासदाच्या आईचं सांगतो. इकडच्या डॉक्टरनं शुगरची गोळी दिली होती. पुढे लेकीकडे गेल्यावर तिकडच्या डॉक्टरनंही दिली. औषध एकच, कंपन्या दोन, म्हणून नावं दोन, पाकिटांचे रंगही दोन. म्हातारीनं दोन्ही प्रामाणिकपणे घेतल्या. सकाळी घाम फुटायचा, हात थरथरायचे, डोळ्यांपुढे अंधारी यायची. घरचे म्हणायचे, म्हातारपण आहे. शेवटी एका मेडिकलवाल्यानं दोन्ही पाकिटं शेजारी ठेवली आणि खालच्या बारीक अक्षरातलं नाव वाचून दाखवलं. म्हातारी वाचली. पण पहिला कागद दुसऱ्या डॉक्टरपुढे गेला असता तर ही वेळच आली नसती.

पुरात घरात पाणी शिरलं की आपण आधी लेकरं उचलतो, मग जाळी, मग धान्य. दवाखान्याची पिशवी कोणाच्या ध्यानात येत नाही. म्हणून आमचं पहिलं सांगणं ॲपचंही नाही. घरातल्या प्रत्येक आजारी माणसाचे सगळे कागद, रिपोर्ट आणि गोळ्यांच्या पाकिटांची मागची बाजू, जिथं औषधाचं खरं नाव असतं, यांचे साफ उजेडात फोटो काढा. माणसाच्या नावानं वेगळा फोल्डर करा. हे आज संध्याकाळी होण्यासारखं काम आहे, पैसा लागत नाही.

यापुढची पायरी म्हणजे आभा. यावर फार गोंधळ आहे, म्हणून नीट सांगतो. केंद्र सरकारनं सप्टेंबर २०२१ मध्ये आयुष्मान भारत डिजिटल मिशन देशभर सुरू केलं. त्यात प्रत्येकाला १४ आकड्यांचा आभा नंबर मिळतो. तो फुकट आहे, आधारवरून निघतो. जे दवाखाने या व्यवस्थेला जोडले आहेत, तिथले रिपोर्ट या नंबराखाली तुमच्या मोबाईलवर पाहता येतात, आणि तुम्ही हो म्हटलं तरच दुसऱ्या दवाखान्याला दिसतात. नदीच्या दोन्ही काठांवर दवाखाना करणाऱ्या आपल्यासारख्यांसाठी ही गोष्ट फार कामाची होऊ शकते. पण जो दवाखाना जोडलेला नाही त्याचा कागद आपोआप तिथं येणार नाही. म्हणून आभा काढला तरी फोटोचा फोल्डर ठेवायचाच.

आभा म्हणजे पाच लाखांचं आयुष्मान कार्ड नव्हे. ऑपरेशनचे पैसे त्यावर मिळत नाहीत. आपल्याकडे ऑपरेशनसाठी राजीव आरोग्यश्री आहे, तिची मर्यादा डिसेंबर २०२३ मध्ये १० लाख झाली. आभा फक्त वही आहे. तो काढायची सक्ती नाही. आभा नाही म्हणून कोणी उपचार नाकारत असेल तर ते चूक आहे, संस्थेला सांगा.

आता प्रश्न असा की मोबाईलनं माणूस खरंच गोळ्या नीट घेतो का? याचे अनुभव आपल्या देशातलेच आहेत, दूर जायला नको.

टीबीच्या रुग्णांसाठी ९९डॉट्स नावाची एक साधी युक्ती निघाली. गोळ्यांच्या पत्त्याला एक कव्हर असायचं. गोळी काढली की आत लपलेला फोन नंबर दिसायचा, त्यावर रुग्णानं फुकटचा कॉल द्यायचा. नंबर कोणता निघेल हे आधी कळत नसल्यानं कॉल आला म्हणजे गोळी निघाली असं धरायचे. स्मार्टफोन लागत नव्हता, वाचायची गरज नव्हती. डोकं चांगलं होतं. पण मुंबई, चेन्नई आणि वेल्लोरच्या रुग्णांची लघवी तपासून जेव्हा खरं-खोटं पाहिलं, तेव्हा हिशेब जुळला नाही. गोळी घेऊनही कॉल न देणारे बरेच निघाले आणि कॉल देऊनही गोळी न घेतलेलेही निघाले. २०२० साली हा अभ्यास छापून आला. यातून आम्ही एवढंच घेतलं की मशीन मोजते ते बटण, गोळी नाही. गोळीची खात्री घरातलं माणूस किंवा आशाताईच करू शकते.

दुसरा अनुभव मराठीतला आहे. डॉ. अपर्णा हेगडे यांच्या अरमान संस्थेनं २०१४ साली मुंबईत एममित्र सुरू केलं. गरोदर बाईला तिच्या महिन्याप्रमाणे मराठीत किंवा हिंदीत फोन यायचा, काय खायचं, कोणती लक्षणं धोक्याची, बाळाला काय पाजायचं, सगळं बोलून सांगायचे. फोन कोणत्या वेळी यावा हे ती बाई स्वतः ठरवायची. पुढे २०१६ पासून केंद्र सरकारचं किलकारी सुरू झालं. त्यातही चौथ्या महिन्यापासून बाळ वर्षाचं होईपर्यंत ७२ बोलके निरोप येतात. महाराष्ट्रात २०२४ पासून किलकारी मराठीत आहे. हे ॲप नाही, साधा फोन कॉल आहे. पण आमच्या मते आपल्या घरांसाठी हीच पद्धत बरोबर. ऐकायला अक्षर लागत नाही.

तिसरा अनुभव बीपीचा. साधारण २०१८ पासून सरकारनं बीपी आटोक्यात आणायचा एक कार्यक्रम पाच राज्यांत उभा केला, त्यात तेलंगणाही होतं आणि महाराष्ट्रही. महाराष्ट्रात भंडारा, वर्धा, सातारा, सिंधुदुर्ग हे सुरुवातीचे जिल्हे. तिथं नर्सबाई 'सिंपल' नावाच्या ॲपमध्ये रुग्णाचा बीपी आणि गोळ्या नोंदवायच्या. रुग्णाजवळ क्यूआर कोडचं एक कार्ड. तारखेला रुग्ण आला नाही की ॲप त्याचं नाव पुढे काढायचं आणि नर्सबाई फोन करायची, "काका, गोळ्या संपल्या असतील, या." २०२२ मध्ये या कार्यक्रमाला संयुक्त राष्ट्रांचा पुरस्कार मिळाला. इथं ॲप होतं, पण काम केलं ते नर्सबाईच्या फोननं. आठवण मशीननं काढली, बोलावणं माणसानं केलं. आपल्याला असंच पाहिजे.

आता ज्यापासून लांब राहायचं ते सांगतो. कॅमेऱ्यावर किंवा स्क्रीनवर बोट ठेवलं की बीपी, शुगर सांगतो असं म्हणणारं फुकटचं ॲप कोणी दाखवलं तर हात जोडा. अमेरिकेत 'इन्स्टंट ब्लड प्रेशर' नावाचं असंच ॲप लाखाच्या वर लोकांनी विकत घेतलं होतं. २०१६ साली जॉन्स हॉपकिन्सच्या डॉक्टरांनी ते तपासलं. ज्यांचा बीपी खरंच जास्त होता, अशा दर पाच जणांपैकी जवळपास चौघांना ते ॲप सांगत होतं की तुमचा बीपी जास्त नाही. पुढे तिथल्या सरकारी आयोगानं कंपनीवर कारवाई केली. विचार करा, त्या ॲपवर भरवसा ठेवून किती जणांनी गोळी घेतली नसेल. बीपी मोजायचा तर दंडाला पट्टा बांधणाऱ्या मशीननंच. पाच मिनिटं शांत बसा, अर्धा तास आधी चहा-खर्रा नको, हात छातीच्या उंचीवर टेकलेला पाहिजे. दोनदा मोजा आणि दोन्ही आकडे तारखेसकट लिहा. हे आकडे पाहूनच डॉक्टर गोळी कमी-जास्त करील. आपण आपल्या मनानं करायची नाही, ॲपनं सांगितलं तरी नाही.

मोबाईलवर डॉक्टर दिसतो ते ई-संजीवनी. सरकारी आहे, फुकट आहे. कोरोनाच्या टाळेबंदीत, एप्रिल २०२० मध्ये, घरून डॉक्टरशी बोलायची सोय त्यात झाली. फेब्रुवारी २०२३ पर्यंत १० कोटी लोकांनी ई-संजीवनीवरून सल्ला घेतला. जुन्या गोळ्या चालू ठेवायच्या का, रिपोर्ट काय म्हणतो, खाजेला काय लावायचं, अशा गोष्टींसाठी आदिलाबादचा हेलपाटा आणि एक दिवसाची मासेमारी वाचते. पण साप चावला, छातीत कळ आली, तोंड वाकडं झालं, बोलणं अडखळलं, पोर पाण्यात बुडालं, तर मोबाईलवर ॲप शोधायचं नाही. १०८ लावा आणि रस्त्याकडे निघा. पहिल्या तासाला किंमत आहे.

आणि शुगरची गोळी किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांसाठी खास. पहाटे गोळी घेऊन उपाशी पाण्यात जाऊ नका. काही खाऊन निघा, वेळा कशा ठेवायच्या हे डॉक्टरला आपल्या धंद्याची वेळ सांगून विचारा. डोंग्यात पिशवीत साखर किंवा गूळ ठेवा. घाम, थरथर, गरगर वाटलं की लगेच तोंडात टाका आणि काठाला या. तलावाच्या मध्यात रेंज नसते, तिथं कोणतंच ॲप येत नाही. सोबतच्या माणसाला आपली शुगर माहीत असणं हेच तिथलं ॲप.

आता जरा कडू बोलतो. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत दिसलं की देशातल्या शंभर बायकांपैकी ५४ जणींजवळच स्वतः वापरायचा मोबाईल आहे. आपल्या घरांत पहा. मोबाईल पोराजवळ, पोरगा नदीवर. ओटीपी येतो त्याच्या फोनवर, दवाखान्याचा निरोप येतो त्याच्या फोनवर. आईला तपासणीला बोलावलं हे आईला चार दिवसांनी कळतं, कधी कळतही नाही. सुनेचे दिवस भरत आले तरी तिच्यासाठी आलेला फोन नवरा उचलतो आणि "कंपनीचा आहे" म्हणून ठेवून देतो. बाजारात मासे विकून घर चालवणारी बाई पैशाचा हिशेब तोंडी ठेवते, तिला स्वतःच्या बीपीचा आकडा ठेवता येणार नाही, असं कोणी म्हणू नये. तिला फक्त फोन हातात मिळाला पाहिजे.

घरात एकच फोन असेल तर दवाखान्यात नंबर लिहिताना घरी राहणाऱ्या माणसाचा द्या. जुना बटणाचा फोन दुरुस्त करून आजीजवळ ठेवा. गोळीच्या वेळेचा अलार्म लावा. स्मार्टफोन असेल तर बऱ्याच फोनमध्ये आपला आवाज भरून अलार्म लावता येतो. "आजी, पांढरी गोळी जेवून घे" असं नातीच्या आवाजात वाजलं तर आजी उठते. कुठलं ॲप यापेक्षा चांगलं काम करणार?

ओटीपीबद्दलही तेवढंच सावध राहा. आभा काढून देतो म्हणून फोनवर ओटीपी मागणाऱ्याला देऊ नका. पैसे गेले तर ताबडतोब १९३० ला फोन लावा. तब्येतीची माहिती हीसुद्धा पैशासारखीच सांभाळायची वस्तू आहे. नोव्हेंबर २०२२ मध्ये दिल्लीच्या एम्सवर सायबर हल्ला झाला आणि कितीतरी दिवस कामकाज हातानं कागदावर करावं लागलं. एवढ्या मोठ्या ठिकाणी हे होतं, म्हणून कागद फेकू नका. आणि कोणाच्या टीबीचा, गरोदरपणाचा रिपोर्ट गावच्या ग्रुपवर टाकायचा नाही. औषध विचारायला टाकला, असं म्हणून चालणार नाही.

शेवटी सरकारकडे आमचं एक मागणं आहे. या जिल्ह्यात मराठी बोलणारी गावंच्या गावं आहेत. तेलुगू आम्ही बोलतो, बाजारात चालवतो, पोरं शाळेत शिकतात. पण साठीच्या बाईला तेलुगू अक्षर येत नाही आणि इंग्रजी तर नाहीच. पैनगंगेपलीकडे नोंद असलेल्या गरोदर बाईला मराठीत फोन येतो, इकडे नोंद असलेल्या तिच्याच बहिणीलाही तो मराठीत आला पाहिजे. नोंदणी करताना "कोणत्या भाषेत ऐकणार?" एवढा एक प्रश्न विचारला तर होईल. गोंडी, कोलामी, लंबाडी बोलणाऱ्यांसाठीही हेच मागणं आहे. आपल्याच शरीराबद्दलचा निरोप दुसऱ्याकडून वाचून घ्यावा लागणं हे बरं नाही.

संस्थेच्या येत्या सभेत आम्ही तीन गोष्टी मांडणार आहोत. पहिली, ऑफिसात दंडाला पट्ट्याचं बीपी मशीन आणि एक नोंदवही ठेवायची. हे मशीन दीड-दोन हजारात येते, एका जाळ्यापेक्षा स्वस्त. दुसरी, दहावी-बारावी झालेल्या आपल्याच दोन मुली आणि दोन मुलं निवडायची. त्यांनी घरोघर जाऊन कागदांचे फोटो, फोल्डर आणि ज्यांची मर्जी असेल त्यांचा आभा करून द्यायचा, ते पण आजारी माणसाच्या समोर बसून, त्याला समजावून. तिसरी, मराठी निरोपांसाठी जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांना संस्थेच्या ठरावासह अर्ज द्यायचा.

खर्च फार नाही. कोणाला वाटेल, मच्छीमार संस्थेनं मासे पहावेत, हे कशाला? पण मासे पाण्यात असतात, ते काढणारा माणूस धड असला तरच संस्था. सभेला येताना घरातल्या बाईमाणसालाही सोबत आणा, कारण यातल्या निम्म्या गोष्टी त्यांच्याच आहेत. आणि येताना आपली रोजची गोळी घेऊन या, नाव वाचून देऊ.

आपला,
सचिव